हलणाऱ्या घरांचं बेट

बार्बाडोसला जाऊन काय पाहावं, असं कुणी विचारलं की कितीतरी वर्षं माझं उत्तर ठरलेलं असे: सेंट निकोलस ॲबी. बेटाच्या उत्तर भागात, सेंट पीटर पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिथला प्रशासकीय विभाग), महोगनीच्या झाडांपलीकडे ही दगडी हवेली उभी आहे. १६५८ च्या सुमाराला कर्नल बेन्जामिन बेरिंजर या इंग्रज मळेवाल्याने ती बांधली. नावात ॲबी असलं तरी तिथे मठ कधीच नव्हता. तो उसाचा मळा. इंग्लंडमधल्या घराची धाटणी तशीच उचलून उष्ण कटिबंधात आणल्यामुळे तिला शेकोट्या आहेत, धुराडी आहेत आणि दर्शनी भिंतींचे माथे त्या काळच्या रीतीप्रमाणे वळणदार आहेत. अशी घरं सगळ्या पश्चिम गोलार्धात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांतलं दुसरं, ड्रॅक्स हॉल, याच बेटावर आहे.

माझं आयुष्य वास्तुकलेचा इतिहास शिकवण्यात गेलं. धाकटी बहीण नोकरीसाठी ब्रिजटाउनला राहायला गेली, त्यामुळे माझं तिकडे जाणं-येणं सुरू झालं, आणि ॲबीची छायाचित्रं माझ्या व्याख्यानांत आली. भिंतीची जाडी, प्रवाळी दगड, जिन्याचे कठडे यांवर मी तासतासभर बोलत असे. वारसा म्हणजे जे टिकतं ते, अशी माझी पक्की धारणा होती. पुण्यातले वाडे पडत असताना मी ज्या तळमळीने त्यांच्याबद्दल लिहिलं, तीच तळमळ या हवेलीबद्दलही होती. ती सांभाळणाऱ्यांचं आजही मला कौतुक आहे. साडेतीनशे वर्षांचं घर दमट, खाऱ्या हवेत उभं ठेवणं ही लहान गोष्ट नाही.

त्याच बेटावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लहान लाकडी घरं दिसतात. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर उभट दुपाखी छप्पर, गुलाबी, फिरोजी, पिवळे रंग. त्यांना चॅटल हाउस म्हणतात. मी त्यांचे फोटो काढायचे. घरी आल्यावर मैत्रिणींना दाखवायचे, त्यांना ती आवडायची, मलाही आवडायची. पण वर्गात मी ती कधी दाखवली नाहीत. ती देखणी होती एवढंच. अभ्यासाचा विषय मला त्यात दिसत नव्हता.

आज मला कुणी विचारलं, तर मी आधी ही लाकडी घरं पाहायला सांगते. ॲबीचं नाव त्यानंतर येतं. हे कसं घडलं, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पहिल्या भेटीत आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात उतरलो होतो. हा किनारा शांत पाण्याचा, पांढऱ्या वाळूचा आणि महागड्या हॉटेलांचा. सॅण्डी लेन १९६१ मध्ये इथे सुरू झालं तेव्हापासून श्रीमंत पाहुण्यांची ही वस्ती वाढतच गेली. तिथून बेट सुंदर दिसतं, पण ते समुद्राकडे तोंड करून दिसतं. पुढे बहिणीच्या ओळखीने सेंट जॉर्ज पॅरिशमधल्या एका गावात खोली मिळाली. सेंट जॉर्ज हा बार्बाडोसच्या मोजक्या पॅरिशपैकी एक, ज्याला समुद्र लागत नाही. चहूकडे ऊस, मध्ये चढ-उताराचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर एका निवृत्त शिक्षिकेचं लाकडी घर. पुढचा भाग लाकडी, मागचा सिमेंटचा. मागच्या भागातली एक खोली त्या पाहुण्यांना देत. बहीण त्यांना आंटी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

सकाळी न्याहारीला माशाचे वडे आणि बेक्स, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोल पुऱ्यांसारखा प्रकार, देऊन आंटी बोलत बसायच्या. एकदा मी घराचं जोतं कुठे आहे, असं विचारलं. त्यांनी मला बाहेर नेलं आणि वाकून बघायला सांगितलं. घर सुट्या दगडांच्या थरांवर ठेवलं होतं. चुना नाही, सिमेंट नाही, पायाही नाही. "आजीचं घर आहे हे. चार वेळा हललं," त्या म्हणाल्या. मी चमकले. त्यांनी मग सगळं सांगितलं. मळ्याच्या मालकाने जागा सोडायला सांगितली की शेजारीपाजारी जमत. भिंतींच्या फळ्यांवर खडूने खुणा करत. आधी छपराचे पत्रे, मग पाखे, मग चार भिंती सुट्या होत आणि गाडीवर चढत. अंधार पडायच्या आत नव्या जागी घर पुन्हा उभं राहायला हवं, कारण रात्री मुलांना झोपायला तेच घर. मदतीला आलेल्यांना जेवण आणि रम. आंटी सातव्या वर्षी अशाच एका गाडीमागून कोंबड्यांची टोपली घेऊन चालल्या होत्या.

त्या सकाळपासून मी त्या घराकडे माझ्या विषयाच्या नजरेने पाहू लागले.

गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ ला कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली चार वर्षं तेच काम चालू राहिलं आणि खरी मोकळीक १८३८ मध्ये मिळाली. भरपाईचे पैसे ब्रिटिश सरकारने मालकांना दिले, राबणाऱ्यांना दमडीही नाही. मोकळ्या झालेल्या माणसांनी जायचं कुठे? बार्बाडोस जेमतेम ४३२ चौरस किलोमीटरचं. १६४० च्या दशकात ऊस आल्यापासून लागवडीची जवळपास सगळी जमीन मळ्यांखाली गेलेली. त्रिनिदाद आणि गयानात पडीक जमीन भरपूर होती. तिथले मोकळे झालेले लोक मळे सोडून गेले, आणि त्यांच्या जागी राबायला कलकत्त्याहून आणि मद्रासहून आपली माणसं करारावर नेली गेली. त्रिनिदादला पहिलं जहाज १८४५ मध्ये लागलं. बार्बाडोसला तशी जहाजं गेली नाहीत. तिथे मजूर पळून जाणारच नव्हते, कारण पळायला जागा नव्हती.

मग कायदा आला. १८४० च्या कायद्याने मळ्याच्या जमिनीवर झोपडं टाकून राहणाऱ्या मजुराला त्याच मळ्यावर काम करणं भाग पाडलं. काम सोडलं की जागा सोडायची. हा बांध पुढे जवळजवळ शतकभर राहिला. जमीन मालकाची, घर मजुराचं. ज्या माणसाला कधीही उठवलं जाऊ शकतं, तो घर कसं बांधेल? उचलून नेता येईल असं. कायद्याच्या लेखी ही घरं जंगम मालमत्ता होती आणि तेच त्यांच्या नावात उतरलं.

आता या घराची रचना पाहा. लाकूड उत्तर अमेरिकेतून जहाजाने, ठरलेल्या लांबीच्या फळ्यांत येत असे, म्हणून घराची मापंही त्या लांबीवर बसवलेली. फळी कापून वाया घालवायची नाही. छप्पर उभट, कारण पाऊस झटकन उतरावा. पाखे भिंतीच्या फार बाहेर काढलेले नाहीत, कारण वादळात वारा खालून शिरून छप्पर उचलतो. मग खिडकीवर पाऊस येऊ नये म्हणून छोटा लाकडी छज्जा. खिडकीला आडव्या पट्ट्यांच्या झडपा, ज्यांतून वारा येतो आणि ऊन अडतं. वादळ आलं की सगळं घट्ट बंद करता येतं. पैसे आले की घर मागे वाढतं: पहिल्या दुपाखी खणाच्या मागे तसाच दुसरा, त्यामागे एकपाखी शेड, त्यात स्वयंपाकघर. रस्त्यावरून पाहिलं तर घर पूर्वीएवढंच दिसतं, बाजूने पाहिलं तर त्या कुटुंबाची मिळकत वाचता येते. छज्ज्याच्या कडेला नाजूक नक्षीकाम, दाराला गडद रंग. उद्या उठवलं जाईल हे माहीत असताना माणसांनी ही नक्षी कोरली. मी विद्यार्थ्यांना ॲबीच्या जिन्यावर तासभर सांगत आले होते. या एका खणावर एक अख्खं सत्र घेता येईल, हे मला तिथे उभं राहून कळलं.

या घरांत पनामाचा पैसाही आहे. १९०४ ते १९१४ या काळात पनामा कालवा खणायला बार्बाडोसहून २०,००० च्या आसपास पुरुष करारावर गेले, आणि करार न करता गेलेले वेगळे. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून घरच्या बायकांनी फळ्या घेतल्या, आणि जमेल तिथे जमिनीचे तुकडेही. आंटींच्या पणजोबांचं नाव त्या लोकांत होतं. ते परत आले नाहीत. घराचा दुसरा खण त्यांच्या पैशांचा.

अशाच दारांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडचे फेरीवाले पोचले. आधी काही बंगाली, मग सुरतेकडचे गुजराती मुसलमान. कापडाचं गाठोडं घेऊन ते गावोगाव हिंडत आणि हप्त्याने माल देत. ब्रिजटाउनच्या स्वॉन स्ट्रीटवर त्यांच्या वंशजांची दुकानं आहेत. आंटींच्या आजीच्या वहीत अशा एका फेरीवाल्याचा हिशेब होता: पडद्याचं कापड, आठवड्याला इतके सेंट.

माझ्या मनात मात्र या सगळ्याने आणखी काही हललं. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, उसाचं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या यायच्या आणि मोकळ्या रानात पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. बांबू, पाचट, वर एखादी फाटकी ताडपत्री. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे हंगामभर हलायचं नाही. हंगाम संपला की एका दिवसात कोप्या मोडून बैलगाड्या पुढे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हे मी लहानपणी ऐकत आले. बार्बाडोसचा इतिहास वेगळा आणि कितीतरी क्रूर. दोन्हींची बरोबरी मी करणार नाही. पण ऊस आहे तिथे तो तोडणाऱ्याचं घर हलतं राहतं, हे मी दोन्हीकडे पाहिलं. आमच्या दगडी वाड्याची मापं घेऊन मी पदवीचा प्रबंध लिहिला होता. समोरच्या रानातली कोपी मी कधी मोजली नव्हती.

न्यूटन मळ्याची दफनभूमी मी त्यानंतर पाहिली. क्राइस्ट चर्च पॅरिशमध्ये उसाच्या शेताला लागून एक उतार आहे, हिरवा, साधा, पाहण्यासारखं वर काहीच नाही. १९७० च्या दशकात जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग यांनी तिथे उत्खनन केलं. साधारण १६६० ते १८२० या काळात न्यूटन मळ्यावरची सुमारे ५७० गुलाम केलेली माणसं तिथे पुरली गेली असावीत. एका वयस्क पुरुषाच्या गळ्यात माळ सापडली: कवड्या, माशाचे मणके, कुत्र्याचे दात, काचेचे मणी आणि त्यांत एक मोठा लाल अकीक मणी. अभ्यासकांच्या मते तो बहुधा आपल्याकडच्या खंबातला. हिंदी महासागर, आफ्रिका, मग अटलांटिक, असा तो फिरत आला. ज्याच्या मालकीचं काहीच असू शकत नव्हतं, त्याने तो गळ्यात घालून जपला, आणि त्याच्या माणसांनी तो त्याच्यासोबत पुरला. सोबत नेता येतं तेवढंच आपलं, हा हिशेब त्या उतारावर मला लाकडी घरांच्या आधीचा वाटला.

यानंतर मी उत्साहाने ठरवलं की ही घरं संरक्षित व्हायला हवीत. ॲबीसारखी. एकही पाडू द्यायचं नाही. मी तसं आंटींना बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत, पण ठाम होत्या. "२०२१ च्या जुलैत एल्सा आली तेव्हा मी या लाकडी खोलीत नव्हते, मागच्या सिमेंटच्या खोलीत होते," त्यांनी सांगितलं. १९५५ च्या जॅनेटनंतर बार्बाडोसवर आलेलं ते पहिलं चक्रीवादळ. जॅनेटने हजारो लहान घरं मोडली होती, एल्सानेही हजाराहून जास्त घरांचं नुकसान केलं. वाळवी आहे, लाकूड महाग आहे, विमा मिळायला त्रास आहे. पक्क्या भिंतीचं घर हे तिथल्या प्रत्येक कुटुंबाचं स्वप्न आहे आणि ते स्वप्न पुरं होऊ लागलं त्यामागे एक कायदा आहे. १९८० मध्ये पंतप्रधान टॉम ॲडम्स यांच्या सरकारने मळ्यांच्या जमिनीवर वर्षानुवर्षं भाड्याने राहणाऱ्यांना आपल्या घराखालची जागा चौरस फुटाला १० सेंट दराने विकत घ्यायचा हक्क दिला. आंटींच्या आईने ती घेतली. त्या दिवसापासून घर हलवायचं कारण उरलं नाही, आणि मागे सिमेंटची पहिली भिंत चढली.

म्हणजे ही घरं नाहीशी होत आहेत, कारण त्यांत राहणाऱ्यांना अखेर कुणी उठवू शकत नाही. यात वाईट वाटून घ्यायचं काय? वाडा पडतो तेव्हा मी हळहळते ते ठीक. पण चॅटल हाउसची जागा पक्क्या घराने घेतली तर ते त्या कुटुंबाचं यश आहे. कुणा पाहुणीच्या नजरेला बरं वाटावं म्हणून त्यांना फळ्यांत राहायला सांगायचा अधिकार मला नाही, सरकारलाही नाही. माझं मत असं दोनदा फिरलं. पहिल्यांदा सहज फिरलं, दुसऱ्यांदा खूप वाद घालून.

मग जपायचं काय? माझं आताचं म्हणणं असं, की ते घर बांधायची विद्या जपावी. फळ्या खुणा करून सुट्या करणारे आणि पुन्हा जोडणारे सुतार म्हातारे झालेत. आंटींच्या गावात असे दोघे भेटले. एकाने छज्ज्याची नक्षी कशी कापायची ते जुन्या करवतीने दाखवलं, कागदावर एक रेघ न काढता. त्यांच्याकडून शिकणारी मुलं हवीत, त्यांना मजुरी हवी, आणि प्रत्येक पॅरिशमधल्या काही घरांचे मोजून काढलेले नकाशे हवेत. काही घरं सार्वजनिक जागी नीट राखावीत. ब्रिजटाउनजवळ टायरॉल कॉट आहे, १८५४ मध्ये बांधलेलं, ग्रँटली ॲडम्स यांचं घर. त्यांचा मुलगा टॉम, ज्याने तो १९८० चा कायदा आणला, त्याच घरात जन्मला. नॅशनल ट्रस्टने त्या आवारात चॅटल हाउसचं एक लहान खेडं मांडलं. जागा अचूक निवडली आहे. होलटाउनला याच घाटाची रंगीत दुकानं पर्यटकांसाठी आहेत. तिथे आवडेल ते घ्या, पण ते पाहून घर पाहिलं असं समजू नका.

आपल्याकडचे लोक बार्बाडोसला जातात ते बहुतेक क्रिकेटच्या ओढीने. केन्सिंग्टन ओव्हल आपल्याला फार जवळचं आहे. १९६२ मध्ये तिथेच नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिलं. २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने टी-२० विश्वचषक जिंकला तोही तिथेच. मैदान बघून लगेच टॅक्सीत बसू नका. बाहेरच्या गल्ल्यांतून चाला. क्रिकेटपटू एव्हर्टन वीक्स याच भागातल्या एका लाकडी घरात जन्मले. थोडं पुढे गेलं की रिहाना ज्या लहान घरात वाढली ते येतं; तो रस्ता आता तिच्या नावाने ओळखला जातो. जॉर्ज लॅमिंग यांची 'इन द कॅसल ऑफ माय स्किन' ही १९५३ ची कादंबरी जाण्याआधी वाचलीत तर फार बरं. गावाची जमीन विकली जाते आणि घरं हलवावी लागतात, हे त्यात आतून कळतं.

राहायचं म्हणाल, तर समुद्राकाठची हॉटेलं चांगली आहेत. आग्नेय किनाऱ्यावरचं क्रेन १८८७ पासून पाहुणे घेतंय आणि तिथली खालची वाळू विसरता येत नाही. बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे पोहण्यासाठी महागड्या खोलीची गरज नाही. फक्त बाथशेबाच्या बाजूला पाण्यात उतरू नका, अटलांटिकची ओढ तिथे जीवघेणी आहे. निदान काही रात्री आतल्या गावात काढा. झेड-आर नावाच्या पांढऱ्या व्हॅनमधून फिरा, शनिवारी पुडिंग-अँड-साउस खा, शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे. घराचा फोटो काढायचा असेल तर आधी दार वाजवून विचारा. बहुतेक लोक आत बोलावतात.

सेंट निकोलस ॲबीही जरूर पाहा, शेवटच्या दिवशी. तोवर तुम्हाला माहीत झालेलं असेल की त्या शेकोट्यांना लागणारं लाकूड फोडणाऱ्यांची नातवंडं-पणतवंडं पुढे कुठे आणि कशी राहिली.

आंटींच्या घराचे नकाशे मी आणि तिथला एक तरुण मिळून काढतो आहोत. पुढच्या खणाचं काम झालं आहे. त्यांना येत्या वर्षी तो खण उतरवून तिथे भिंत बांधायची आहे आणि मी त्याला हरकत घेतलेली नाही. उतरवण्याचं काम त्या दोन सुतारांकडूनच व्हावं, फळ्यांवर पूर्वीसारख्या खुणा कराव्यात आणि गावातली शाळकरी मुलं ते पाहायला असावीत, एवढं मी मागितलं आहे. फळ्यांचं पुढे काय करायचं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मला त्या शाळेच्या आवारात पुन्हा उभ्या करायच्या आहेत, आणि आंटींच्या पुतण्याला त्यांचं कोंबड्यांचं खुराडं हवं आहे.